३० टक्क्यांखालचा पाऊस

प्रति,
महासंचालक, भारतीय हवामानशास्त्र विभाग, नवी दिल्ली

महोदय,

भाड्याने जाणाऱ्या छोट्या जेट विमानांची उड्डाणं आखणं हा माझा व्यवसाय. तुमचा टॅफ, म्हणजे विमानतळाचा अंदाज, हाती आला की मी आधी पैशाचा हिशेब मांडतो. त्याबद्दलच हे पत्र.

समजा, जुलैत नागपूरहून मुंबईला यायचंय. पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन नियमानुसार टाकीत असतंच. प्रश्न त्यावरच्या तासाभराच्या जादा इंधनाचा. जोरदार सर बहुधा तासाभरात ओसरते. तेवढा वेळ वर घिरट्या घालता आल्या तर अहमदाबाद गाठावं लागत नाही. पण जादा इंधनाचं वजन वाहण्यातच दर तासाला त्यातलं तीन-चार टक्के जळतं, आणि विमान भरलेलं असेल तर सामान खाली ठेवावं लागतं. उलट, वळावंच लागलं तर दुसरीकडचं लँडिंग, पार्किंग, वैमानिकांची ड्यूटी संपली की मुक्काम, परतीचा रिकामा फेरा, आणि संध्याकाळचं बुकिंग गेलं ते गेलंच. मोठ्या कंपनीकडे दुसरं विमान असतं. आमच्यातल्या कित्येकांकडे मोजून दोन-तीन.

उदाहरणादाखल खबरदारीला २० हजार आणि वळण्याचं नुकसान ४ लाख धरा. मग सरीची शक्यता ५ टक्क्यांवर गेली की जादा इंधन परवडतं. (जिवाचा प्रश्न या हिशेबात नाही, तिथे वैमानिक म्हणेल ते अंतिम.)

घोडं इथेच अडतं. आंतरराष्ट्रीय नियमांमुळे टॅफमध्ये शक्यतेचे आकडे दोनच, ३० आणि ४०. तीसखालचं काही लिहायचंच नाही. आमचा निर्णय होतो पाच ते तीसमध्ये, आणि नेमका तोच पट्टा कोरा! सरीचा उल्लेख नसलेल्या अंदाजामागे शक्यता दहा टक्केही असू शकते आणि शून्यही. मला दोन्ही सारखेच दिसतात.

नियम बदला असं म्हणत नाही. पण एकाच वेळी अनेक अंदाज चालवून शक्यता काढणारी १२ किलोमीटरची प्रणाली २०१८पासून आपल्याकडे आहे, तीही पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत उभारलेली. तिच्यातून प्रत्येक विमानतळासाठी तासातासाची टक्केवारी टॅफशेजारी द्या. जिथे तुमचं कार्यालय नाही, त्या लहान धावपट्ट्यांसाठी तर आधी द्या. आणि दरवर्षी विमानतळनिहाय पडताळा छापा: तुम्ही तीस म्हणालात तेव्हा दहापैकी साधारण तीनदा तसं घडलं का?

सेवा सशुल्क ठेवलीत तरी चालेल. टळलेल्या एका फेऱ्याच्या पैशात मी वर्षाची वर्गणी आनंदाने भरीन.

आपला,
एक उड्डाण नियोजक, मुंबई