प्रश्नचिन्हांची यादी

मंडळाच्या गणेशोत्सवाची नावनोंदणी यंदा माझा नातू आणि त्याचे मित्र पाहत होते. एका संध्याकाळी पाया लेबारच्या आमच्या घरी त्याने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. इंग्रजी नावे नीट दिसत होती. देवनागरी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे. "आजोबा, आम्ही देवनागरीचा रकानाच काढून टाकतोय. इंग्रजी सगळ्यांना येतंच की!"

माझा विरोध आहे तो या 'काढून टाकण्याला'.

दोष देवनागरीचा नव्हता. डेटाबेसमध्ये नावे शाबूत होती. जावा पहिल्यापासून अक्षरे युनिकोडमध्ये ठेवते आणि युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. घोटाळा बाहेर पडताना झाला. स्प्रिंगच्या जुन्या कंट्रोलरमध्ये कुणीतरी जेसनचा मजकूर हाताने जोडून साधी स्ट्रिंग म्हणून परत पाठवला होता. वेगळे सांगितले नाही, तर तिथे आयएसओ ८८५९-१ ही पश्चिम युरोपीय अक्षरांची संकेतावली धरली जाते. तिच्यात जागा २५६. त्यांत आपला 'ळ' कुठला? जावा अशा प्रत्येक अक्षराऐवजी '?' लिहिते आणि मग ब्राउझरला मूळ अक्षर परत मिळवता येत नाही.

उपाय साधा आहे. कंट्रोलरने स्ट्रिंग न देता ऑब्जेक्टच परत करावा. २०१३ मध्ये आलेल्या स्प्रिंग ४ पासून क्लासवर 'रेस्टकंट्रोलर' ही एक खूण पुरते. जेसन करण्याचे काम जॅक्सन ही लायब्ररी यूटीएफ-८ मध्ये करते. नावात अवतरणचिन्ह आले तरी मजकूर मोडत नाही. मात्र ऑब्जेक्टमध्ये हवी तेवढीच माहिती ठेवावी, नाहीतर सभासदांचे फोन नंबरही यादीबरोबर बाहेर जातात.

नातवाने तासाभरात दुरुस्ती केली. रकाना काढायला पाच मिनिटे लागली असती, पण 'काळे' हे आडनाव इंग्रजीत लिहिले की इथल्या सुपरमार्केटमधली पालेभाजी होते, हे त्याला हसत हसत पटले.

आपल्या मुलांच्या मराठीचेही असेच आहे. घरात ती शाबूत असते, बाहेर पडताना अडखळते. तेव्हा आपण चटकन इंग्रजीवर येतो. थोडे थांबून, कुठे अडते ते पाहावे.

पुढच्या नोंदणीत आपले नाव देवनागरीतही भरा. आता ते दिसेल.