डोळा लाल म्हणजे डोळे आलेच असे नव्हे



डोळा लाल झाला की ‘डोळे आले’ म्हणून औषधाच्या दुकानातून थेंब आणावेत, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला पटला नाही. जुलै २०२३ मध्ये आळंदीत आली तशी साथ असेल, पापण्या चिकटत असतील, डोळा खुपत असेल, पण नजर नीट असेल, तर ते बहुधा विषाणूचे काम. आठ-पंधरा दिवसांत ओसरते. टॉवेल वेगळा ठेवा, डोळे चोळू नका. पांढऱ्या भागावरचा न दुखणारा रक्ताचा डाग तर दिसतो भयंकर, असतो निरुपद्रवी. जोराचा खोकलाही त्याला पुरतो.

भीती वेगळीच आहे. उसाचे पाते नाहीतर भाताची लोंबी डोळ्याला लागते, बुबुळावर पांढुरका ठिपका येतो, उजेड सोसवत नाही. ही बुरशीची जखम असू शकते, आणि तिच्यावर दुकानदाराने दिलेले स्टेरॉइडचे थेंब म्हणजे आगीत तेल! एकच डोळा ठणकतोय, नजर धूसर झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसताहेत, उलट्या होताहेत, तर काचबिंदूचा झटका समजून तत्काळ नेत्रतज्ज्ञ गाठावा. उलट्या पित्ताच्या समजून गोळी घेऊन रात्र काढू नये.

— एक वाचक, कराड