शौर्याचे चित्र आणि कचेरीचे दप्तर

युद्धात कामी आलेल्या माणसांचे ऋण फेडण्याचे जे अनेक मार्ग समाजाने शोधून काढले आहेत, त्यांत स्तुती हा सर्वांत सुलभ आणि म्हणूनच सर्वांत लोकप्रिय मार्ग आहे; पुतळा उभारला, पदक दिले, चित्रपट काढला, की ज्यांनी त्या माणसांना मृत्यूच्या तोंडी धाडले त्यांच्याकडे जाब मागण्याचे अप्रिय कर्तव्य आपोआप मागे पडते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरलेल्या स्त्री-हेरांवर आजवर जे चित्रपट निघाले, त्यांच्याविषयी माझी मुख्य तक्रार हीच आहे. 2019 मध्ये प्रथम दाखवला गेलेला ‘अ कॉल टू स्पाय’ हा त्यांतला एक अलीकडचा आणि पुष्कळ बाबतींत प्रामाणिक प्रयत्न. आपल्या पुण्यात वाढलेल्या राधिका आपटे यांनी त्यात नूर इनायत खानची भूमिका केली असल्यामुळे मराठी प्रेक्षकाला तो विशेष जवळचा वाटावा हेही स्वाभाविक आहे. परंतु एखादी कृती चांगली असली म्हणजे तिने काय गाळले याची चौकशी अधिकच आवश्यक होते, कारण वाईट कृतीच्या उणिवांनी कोणाची दिशाभूल होत नाही.

लिडिया डीन पिल्चर यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि सारा मेगन थॉमस यांनी लिहिलेल्या या चित्रपटात तीन स्त्रियांची चरित्रे एका सूत्रात ओवली आहेत. जुलै 1940 मध्ये शत्रूच्या पिछाडीस घातपात आणि बंडाळी माजवण्यासाठी ब्रिटिश सरकारने ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ नावाचे एक गुप्त खाते उघडले आणि लंडनमधील बेकर स्ट्रीटवर त्याची कचेरी थाटली. त्या खात्याच्या फ्रेंच विभागात हेरांची निवड, तयारी आणि रवानगी यांवर देखरेख ठेवणारी व्हेरा ॲटकिन्स ही पहिली. एक पाय लाकडी असलेली अमेरिकन व्हर्जिनिया हॉल, जिची भूमिका थॉमस यांनी स्वतः केली आहे, ही दुसरी. आणि नूर ही तिसरी. युद्धपटांत ज्या धडाक्याची आपल्याला सवय झाली आहे त्याला फाटा देऊन, भीती, प्रतीक्षा आणि एकाकीपणा हेच हेरगिरीचे खरे अन्नपाणी आहे हे या चित्रपटाने ओळखले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

आता इतिहासाकडे वळू. व्हर्जिनियाचा पाय 1933 मध्ये तुर्कस्तानात शिकारीच्या वेळी स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागल्यामुळे गुडघ्याखाली कापावा लागला, आणि पाय गमावलेल्या व्यक्तीला राजनैतिक अधिकाराची जागा देता येत नाही असा नियम पुढे करून तिच्या देशाच्या परराष्ट्र खात्याने तिला कारकुनीवरच ठेवले. त्याच स्त्रीने ऑगस्ट 1941 मध्ये एका न्यूयॉर्कच्या वृत्तपत्राची बातमीदार म्हणून फ्रान्समध्ये प्रवेश केला, ल्योन शहरात डॉक्टरापासून कुंटणखान्याच्या मालकिणीपर्यंत नाना तऱ्हेच्या माणसांचे जाळे विणले, जुलै 1942 मध्ये मोझाकच्या तुरुंगातून पकडलेल्या हेरांची एक तुकडीच्या तुकडी पळवण्याच्या मसलतीत मोठा वाटा उचलला, आणि नोव्हेंबरात जर्मन फौजा दक्षिणेत शिरताच लाकडी पायानिशी बर्फातून पिरेनीज पर्वत ओलांडून ती स्पेनमध्ये उतरली. ब्रिटिशांनी तिला पुन्हा पाठवण्याचे नाकारल्यावर ती अमेरिकन गुप्तचर खात्यात दाखल झाली आणि 1944 मध्ये म्हाताऱ्या शेतकरणीच्या वेषात फ्रान्सला परतली. म्हणजे नूर फ्रान्समध्ये उतरली तेव्हा व्हर्जिनिया तो देश सोडून सात महिने झाले होते; दोघींची कार्ये एका पटावर आणणारी कथा ही इतिहासाशी घेतलेली सवलत होय. अशी सवलत नाटककाराने घ्यावी, त्यात मला गैर दिसत नाही. कालक्रमाची मोडतोड क्षम्य असते. कार्यकारणाची मोडतोड मात्र क्षम्य नसते.

नूरच्या वंशवृक्षाचे एक मूळ आपल्या परिचयाच्या भूमीत आहे. तिचे पणजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने 1886 मध्ये बडोद्यास गायनशाळा काढली, तिचे वडील हजरत इनायत खान हे बडोद्यात जन्मलेले गायक आणि वीणावादक, जे पुढे सूफी तत्त्वज्ञानाचे उपदेशक म्हणून पश्चिमेत विख्यात झाले, आई अमेरिकन. मौलाबक्षांच्या पत्नीकडून हे घराणे टिपू सुलतानाशी पोहोचते, अशी कुटुंबाची परंपरा आहे. 1914 च्या पहिल्या दिवशी मॉस्कोत जन्मलेली ही मुलगी पॅरिसजवळच्या सुरेन गावी वाढली, तिने सॉरबॉन विद्यापीठात बालमानसशास्त्राचा अभ्यास केला, मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, आणि जातककथांवरील तिचे पुस्तक 1939 मध्ये प्रसिद्ध झाले. फ्रान्स पडल्यावर ती इंग्लंडला आली, हवाई दलाच्या स्त्री-शाखेत बिनतारी संदेशाचे काम शिकली, आणि 16 जून 1943 च्या रात्री एका लहान विमानाने व्याप्त फ्रान्समध्ये उतरवली गेली. व्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली स्त्री बिनतारी संदेशक होय.

स्त्रियांना का धाडले, याचे उत्तर कोणत्याही उदात्त तत्त्वात शोधण्याचे कारण नाही. फेब्रुवारी 1943 पासून फ्रेंच तरुणांना सक्तीच्या मजुरीसाठी जर्मनीला नेण्याचा हुकूम लागू झाला होता, त्यामुळे रस्त्यात फिरणारा धडधाकट पुरुष हाच संशयाचा विषय झाला. टोपलीत भाजी घेऊन सायकलवरून जाणाऱ्या बाईला मात्र कोणी हटकत नसे. गरज होती म्हणून दार उघडले. काम सरल्यावर हेच दार किती अरुंद होते तेही दिसून आले: पर्ल विदरिंग्टन या स्त्रीने फ्रान्समध्ये दीड हजारांहून अधिक सशस्त्र लोकांचे नेतृत्व केले, आणि युद्धानंतर तिला मुलकी वर्गातील सन्मान देऊ करण्यात आला, आपण केलेल्या कामात मुलकी असे काहीच नव्हते, असे सुनावून तिने तो परत केला.

नूर उतरल्यानंतर आठवड्याभरातच, ज्या जाळ्यात तिला काम करायचे होते ते ‘प्रॉस्पर’ नावाचे जाळे जर्मनांनी उद्ध्वस्त केले. परत बोलावले असता ती आली नाही. पॅरिसमध्ये शेवटचे संदेशयंत्र आपलेच उरले आहे, ते बंद पडले तर लंडनचा दुवाच तुटेल, हे तिचे उत्तर. त्या कामात माणूस सहा आठवडे टिकला तरी पुष्कळ, असा अंदाज बांधला जात असताना घरे बदलीत, केसांचा रंग बदलीत, जड पेटी वाहत ती जवळजवळ चार महिने टिकली. ऑक्टोबरात ती फितुरीने पकडली गेली. पाठवलेल्या संदेशांच्या वह्या तिने जपून ठेवल्या होत्या, त्याही शत्रूच्या हाती पडल्या. ही तिची चूक होती आणि ती झाकण्याचे प्रयोजन नाही. निष्कलंक असल्याखेरीज नायिकेला पूजता येत नाही, अशी भक्ती फार कच्ची समजावी.

परंतु या चुकीपेक्षा कितीतरी मोठी चूक लंडनच्या कचेरीत घडत होती. प्रत्येक संदेशकाला आपण मुक्त असल्याची एक गुप्त खूण संदेशात घालण्यास सांगितलेले असे. प्रॉस्परचा संदेशक गिल्बर्ट नॉर्मन पकडला गेल्यावर त्याच्या यंत्रावरून आलेल्या संदेशात ही खूण नव्हती; तेव्हा कचेरीने काय करावे? तिने उलट टपाली, खूण विसरलास, पुढे जपून वाग, अशी समज दिली, आणि अशा रीतीने ती खूण अस्तित्वात आहे हे शत्रूलाच कळवले. नूर पकडली गेली तेव्हाही बर्नमार्गे लंडनला तशी वर्दी पोहोचली होती. ती ज्या सोनिया ओल्शानेस्की या तरुणीने पाठवली होती, ती फ्रान्समध्येच भरती झालेली असल्यामुळे तिचे नाव विभागप्रमुख मॉरिस बकमास्टरला ठाऊक नव्हते, सबब वर्दी बाजूला राहिली. नूरचे यंत्र जर्मन चालवीत राहिले आणि लंडन त्याला उत्तरे देत राहिले. फेब्रुवारी 1944 च्या अखेरीस त्याच यंत्रावरून ठरलेल्या जागी मादलेन दामेरमाँ आणि तिचे दोन सहकारी विमानातून उतरले, ते सरळ गेस्टापोच्या हातांत. पुढे 13 सप्टेंबर 1944 रोजी दाखाउच्या छळछावणीत नूरसोबत ज्या तीन स्त्रियांना गोळ्या घालण्यात आल्या, त्यांत ही मादलेन होती.

यावर असे म्हटले जाईल, आणि ते निराधार नाही, की युद्धाच्या धामधुमीत अर्धवट बातम्यांवर निर्णय घेणाऱ्यांना, सर्व कागद समोर असलेल्या उत्तरकालीनांनी दोष देणे हे स्वस्त शहाणपण आहे. वातावरणातील व्यत्ययांनी संदेश नेहमीच तुटक येत, दमलेला संदेशक खूण विसरे, आणि प्रत्येक शंकेसरशी काम थांबवले असते तर कामच झाले नसते. हे सर्व मान्य करूनही प्रश्न उरतो. खूण ज्या प्रसंगासाठी मुक्रर केली होती तोच प्रसंग आल्यावर तिच्यावर विश्वास ठेवायचा नसेल, तर ती ठेवली कशासाठी? तेव्हा हा दोष आपण आज लावीत नसून, त्या कचेरीने स्वतः घातलेल्या शिरस्त्यानेच तो तिच्या पदरी पडतो.

चित्रपटांनी मात्र या दोषाकडे आरंभापासून पाठ फिरवली. 1950 मध्ये निघालेल्या ‘ओडेट’ या गाजलेल्या चित्रपटात बकमास्टर स्वतःच्याच भूमिकेत पडद्यावर आला, यापेक्षा बोलका दाखला कोणता द्यावा? ज्याची कैफियत घ्यायची तोच नटसंचात सामील! हिशेब मागितला तो लेखिकांनी: जीन ओव्हर्टन फुलर यांनी 1952 मध्ये नूरचे चरित्र लिहून वाट पाडली, 1958 मध्ये एलिझाबेथ निकोलस यांनी आणि फुलर यांनी पुन्हा, शत्रूने चालवलेल्या संदेशयंत्रांचा प्रश्न पुस्तकांतून मांडला, आयरीन वॉर्ड या खासदार बाईंनी तो पार्लमेंटात नेला, आणि अखेर 1966 मध्ये एम. आर. डी. फूट यांनी लिहिलेला अधिकृत इतिहास सरकारला प्रसिद्ध करावा लागला. स्त्रियांच्या मरणाची रुजवात करण्याचे काम स्त्रियांनाच करावे लागले, ही गोष्ट एखाद्या पटकथेचा विषय होऊ नये इतकी लहान नाही.

आणि व्हेरा ॲटकिन्स? रुमानियात ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या बाईला ब्रिटिश नागरिकत्व 1944 पर्यंत मिळाले नव्हते, आणि ज्याचा स्वतःचाच पाय स्थिर नाही त्याने वरिष्ठांच्या निर्णयाला कितपत विरोध करावा, हा तिच्यापुढचा पेच होता असे मानण्यास जागा आहे. तिचे खरे नाट्य युद्ध संपल्यावर सुरू होते. बेपत्ता झालेल्या 118 हेरांचा माग काढण्यासाठी ती जर्मनीत गेली, तुरुंगाधिकारी आणि छावण्यांचे पहारेकरी यांचे जबाब तिने स्वतः घेतले, आणि एकाचा अपवाद वगळता सर्वांचे काय झाले ते हुडकून काढले. या शोधात तिने प्रथम असा निष्कर्ष काढला होता की नूर ही नात्सवाइलरच्या छावणीत मारलेल्या चौघींपैकी एक. पुढे पुरावा मिळाला तेव्हा ती चौथी स्त्री सोनिया ओल्शानेस्की होती असे निष्पन्न झाले. जिची वर्दी नाव अपरिचित म्हणून वाचूनही न वाचल्यासारखी झाली, तिचे मरणही काही काळ दुसरीच्याच नावे नोंदले गेले. ही सोनिया वयाने अवघी 20 वर्षांची होती. तिच्यावर कोणी चित्रपट काढीत नाही, कारण तिच्यापाशी राजवंश नाही, आणि लंडनच्या यादीत तिचे नाव नाही.

हा आक्षेप केवळ विलायतेला लागू आहे असे समजून आपण निश्चिंत राहू नये. आपल्याकडे नूरचे नाव निघाले की टिपू सुलतानाची वंशज, भारताची कन्या, अशी विशेषणे तत्परतेने लागतात. परंतु युद्ध संपल्यावर आपण हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहू, असे तिने ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मुलाखतीत तोंडावर सांगितल्याचे तिच्या चरित्रकारांनी नोंदले आहे, त्या विचारी, अडचणीच्या नूरची आपल्याला फारशी ओळख नसते. 1949 मध्ये जॉर्ज क्रॉस देऊन ब्रिटनने आणि वंशाची थोरवी गाऊन आपण, अशा दोघांनीही तिला आपापल्या देव्हाऱ्यात बसवले; देव्हाऱ्यातील मूर्ती कोणाला प्रश्न विचारीत नाही, ही सोय दोघांनाही सारखीच मानवली.

फ्रेंच विभागाने पाठवलेल्या स्त्रियांपैकी 13 परतल्या नाहीत. त्यांचे धैर्य सिद्ध करण्यासाठी आता आणखी चित्रपटाची गरज नाही. ते निर्विवाद आहे. निर्विवाद नाही ते हे की एवढ्या धैर्याची वेळ त्यांच्यावर किती वेळा शत्रूमुळे आली आणि किती वेळा स्वपक्षाच्या हलगर्जीमुळे. बर्नहून आलेली ती वर्दी कोणाच्या मेजावर पडली, कोणी वाचली आणि कोणत्या समजुतीने बाजूला सारली, हे दाखवण्याची हिंमत पुढच्या दिग्दर्शकाने करावी. आणि असा चित्रपट निघाला तर त्यात गोळीबार कमी आणि कागद फार, म्हणून तो रटाळ ठरवून प्रेक्षकांनी उठून जाऊ नये, कारण राज्यकर्त्यांकडून हिशेब घेण्याची सवय ज्या समाजाला नसते, त्याच्या मुलींना पुढच्या युद्धातही अशाच कचेऱ्यांच्या भरवशावर धाडले जाते.