निगेटिव्ह रिपोर्टवर विश्वास का बसत नाही?

एचआयव्हीची टेस्ट निगेटिव्ह आली तरी झोप न लागणारी मुलं आपल्या वाशीम जिल्ह्यात आहेत. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण "भाई, तुम्ही शिकलेले आहात, कुणाला सांगू नका" असं म्हणत मला फोन येतात. एकाने मोबाईलवर चार रिपोर्ट पाठवले. चारही निगेटिव्ह, शेवटचा तर घटनेनंतर आठ महिन्यांचा. प्रश्न एकच: मशीन चुकलं असेल तर?

याला उत्तर आहे. लागण झाल्यापासून ती टेस्टमध्ये दिसेपर्यंत काही दिवस जातात, त्याला विंडो पिरियड म्हणतात. शिरेतल्या रक्तावर प्रयोगशाळेत होणारी चौथ्या पिढीची टेस्ट विषाणूचं प्रथिन आणि शरीरातली प्रतिद्रव्यं दोन्ही शोधते; तिला साधारण १८ ते ४५ दिवस लागतात. फक्त प्रतिद्रव्यं शोधणाऱ्या टेस्टला २३ ते ९० दिवस. म्हणजे दहाव्या दिवशीच्या निगेटिव्हवर शंका घेणं रास्तच आहे. पण तीन महिने उलटले आणि मधे नवा धोका घेतला नाही, तर निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह. (लागण टाळायच्या 'पेप' गोळ्या घेतल्या असतील, तर तारखा डॉक्टरांना विचारा.)

आता मशीनचं. सरकारी केंद्रात पहिली टेस्ट मुद्दाम अशी निवडतात की लागण झालेला माणूस सुटू नये, एखादा निरोगी अडकला तरी चालेल. म्हणून पॉझिटिव्ह संकेत आला की वेगवेगळ्या किटवर आणखी तपासण्या होतात आणि मगच निदान देतात. निगेटिव्ह मात्र पहिल्याच टेस्टवर देतात. लोकांना हा निष्काळजीपणा वाटतो. खरं तर चाळणी तिथेच सर्वांत बारीक असते. हिशोब करून बघा: समजा १०,००० जणांत १०० जणांना लागण आहे आणि टेस्ट शंभरातला एक सोडते. निगेटिव्ह आलेल्या सुमारे ९,९०० जणांत चुकीचा रिपोर्ट एकाचा. तोही एकाच टेस्टमध्ये.

हे सगळं त्या मुलाला समजावलं. त्याला पटलं. दोन दिवसांनी पुन्हा फोन, "घसा दुखतोय."

माझं मत असं की ही भीती विषाणूची उरलेलीच नसते. त्याला वाटतं, गुनाह झालाय तर सजा मिळायलाच हवी, आणि रिपोर्ट ती सजा देत नाही म्हणून रिपोर्टच खोटा. वुजू झाला की नाही या शंकेने पुन्हा पुन्हा हात धुणारा माणूस आपण पाहिलेला असतो. त्याला आपण वसवसा म्हणतो, आणखी पाणी देत नाही. पाचवी टेस्ट म्हणजे तेच आणखी पाणी. तौबा करायची ती अल्लाहकडे. लॅबवाल्याकडे फक्त रक्त द्यायचं असतं. आणि एचआयव्हीला 'अज़ाब' म्हणून धाक घालणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनीही विचार करावा, कारण अशाने मुलं तपासणीच टाळतात. आज मोफत एआरटी औषधांवर लोक वर्षानुवर्षं संसार करताहेत.

दुसरी अडचण ओळखीची. वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात कुणी बघेल म्हणून पोरं अकोल्याच्या खासगी लॅबमध्ये जातात. तिथे पाकिटात कागद मिळतो, बोलायला कुणी नसतं. सरकारी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात टेस्ट मोफत असते, आणि समुपदेशक आधी तारीख विचारतो: धोका कधी घेतला, पुन्हा यायचं की नाही. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय टेस्ट नाही आणि तुमची माहिती बाहेर सांगायची नाही, हे त्यात लिहिलेलं आहे.

वाशीमला जायला धीर होत नसेल तर आधी १०९७ ला फोन करा, ही एड्सची मोफत हेल्पलाइन आहे. आणि योग्य वेळी केलेली टेस्ट निगेटिव्ह येऊनही मन ऐकत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावा. तिथे मनाच्या आजाराबद्दल बोलता येतं, मराठीतून.