कॅमेरा स्वस्त झाला, पुढे काय?

महाविद्यालयीन स्पर्धांमध्ये वक्तृत्व आणि निबंध यांच्या जोडीला आता अनुबोधपटाची स्पर्धाही मानाचे स्थान मिळवू लागली आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील विद्यार्थी मोबाइलवर चित्रण करतात, विनामूल्य मिळणाऱ्या संगणकप्रणालीवर संकलन करतात आणि आठ-दहा मिनिटांचा पट तयार करून परीक्षकांपुढे ठेवतात. कारकुनाच्या किंवा रिक्षाचालकाच्या घरातील मुलगी आपल्या गल्लीचा अनुबोधपट काढते, ही गोष्ट तीस वर्षांपूर्वी कोणाला खरी वाटली नसती. तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र केवळ स्वागत करून अध्यापकांची जबाबदारी संपते काय, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

या देशात चलत्चित्राचा प्रारंभच मुळी काटकसरीतून झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला. परंतु त्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ ठराविक अंतराने एकेक चौकट टिपून चित्रित केली होती. पुढे १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि चित्रपटगृहात मुख्य चित्रपटापूर्वी सरकारी अनुबोधपट पाहणे हा प्रेक्षकांच्या एका पिढीचा नित्यक्रम होऊन बसला. त्या काळी सोळा मिलिमीटर फिल्मच्या चारशे फुटांच्या रिळात अवघी अकरा मिनिटे मावत. फिल्म विकत घ्यावयाची, ती धुण्यासाठी पैसे मोजावयाचे आणि मग आपण काय टिपले ते पाहावयाचे. अशा स्थितीत कळ दाबण्यापूर्वी दहा वेळा विचार करणे भागच होते. आजचा विद्यार्थी आठ मिनिटांच्या पटासाठी दहा-बारा तासांचे चित्रण घेऊन येतो आणि त्याला त्यासाठी जवळजवळ काहीच मोजावे लागत नाही.

‘काहीच मोजावे लागत नाही’ असे विधान कोणी केले की अर्थशास्त्राच्या शिक्षकाने सावध व्हावयास हवे. कारखानदाराने सांडपाणी नदीत सोडले म्हणजे त्याचा खर्च वाचतो; पण तो खर्च नाहीसा होत नाही, नदीकाठच्या गावकऱ्यांच्या माथी बसतो. अर्थशास्त्रात यास बाह्य परिणाम म्हणतात आणि उल्हास व वालधुनी या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना त्याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. अनुबोधपटाच्या बाबतीत असेच काहीसे घडते आहे. चित्रणाचा खर्च कॅमेऱ्यामागच्या माणसाच्या खिशातून उतरला खरा. तथापि त्याचा एक भाग कॅमेऱ्यापुढच्या माणसाच्या खांद्यावर जाऊन बसला आहे. हे माझ्या ध्यानात आले ते पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या एका चुकीमुळे.

ती चूक सांगण्यापूर्वी या प्रदेशाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यास आली. पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. एक कोटी दहा लाखांहून अधिक माणसे तेव्हा येथे राहत होती. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर वागळे इस्टेटमध्ये कारखाने उभे राहिले. त्यांतील अनेक पुढे बंद पडले आणि त्या जागी काचेच्या इमारती आल्या. इतक्या उलथापालथीचे चित्रण मात्र फार थोडे झाले. ठाण्यात सुमारे तीन दशके क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केलेले चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी या भागातील रस्ते, पूल आणि माणसे कॅनव्हासवर आणली. त्यांची चित्रे आणि नारायण सुर्वे यांची कविता यांच्या आधारे अंजली मोन्टेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००१ मध्ये ‘साचा’ हा अनुबोधपट केला, तो मुंबईच्या कष्टकरी जीवनावर. ठाण्यापलीकडच्या माणसाचा दिवस मात्र बव्हंशी अचित्रितच राहिला आहे. त्याचे रोजचे दोन-तीन तास गाडीत जातात आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोष्टकात त्यांना रकाना नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी रुळांवर पडून मरण पावले, तेव्हा तेवढ्यापुरता तो दिवस देशाला दिसला.

काही वर्षांपूर्वी माझ्या चार विद्यार्थ्यांनी वागळे इस्टेटमधील कार्यालयांत साफसफाई करणाऱ्या कंत्राटी स्त्रियांवर पट करावयाचे ठरविले. विषय उत्तम होता. मी त्यांना एवढेच बजावले, की नुसती हळहळ नको, पुरावा आणा. मुलांनी कष्ट केले. कल्याणच्या पुढील एका स्थानकावरून पहाटेची गाडी पकडणाऱ्या एका मध्यमवयीन बाईंबरोबर त्यांनी सलग आठवडाभर प्रवास केला. सहाव्या दिवशी त्या बाई मोकळेपणाने बोलल्या: पगारातून भविष्यनिर्वाह निधीचे पैसे कापले जातात, पण पावती कधी हाती पडत नाही, आजारपणाची रजा मागितली तर दुसरी बाई दारात उभी असते. चेहरा स्पष्ट, आवाज स्पष्ट. मुले हरखून गेली आणि खरे सांगावयाचे तर मीही हरखलो. पुरावा मिळाला होता.

पट तयार झाला. तो स्पर्धेला धाडून पुढे यूट्यूबवर ठेवावयाचा, असे ठरले. चौघांतील एक मुलगी मात्र हटून बसली, की आधी बाईंना दाखवू. आम्ही बाकीच्यांनी तो उपचार समजून मान्यता दिली. ठाणे स्थानकाच्या फलाटावर दोन गाड्यांच्या मधल्या वेळात बाईंनी मोबाइलवर तो आठ मिनिटांचा पट पाहिला. मग म्हणाल्या, “यात खोटं काही नाही, बाळा. पण हे बघून उद्या ठेकेदारानं मला येऊ नको म्हटलं, तर तुमचं कालेज मला कामाला ठेवील का?”

चित्रणाच्या दिवशी या बाईंनी होकार दिला होता. पण तो होकार ‘पोरांच्या परीक्षेसाठी’ दिलेला होता. जगातील कोणीही, त्यांचा ठेकेदारही, हे दृश्य कोणत्याही क्षणी पाहू शकेल, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. फिल्मच्या काळात एखाद्या पटाच्या दोन-चार प्रती निघत आणि ठराविक सभागृहांत दाखविल्या जात. आज प्रत काढण्यासही खर्च नाही आणि एकदा बाहेर पडलेली प्रत परत घेण्याचा उपायही नाही. ही गोष्ट शिकलेल्या माणसाने न शिकलेल्या माणसाला आधी सांगावयाची असते. ती सांगण्याचे काम माझे होते. ते मी केले नाही.

मुलांनी चेहऱ्याचे दृश्य काढून टाकले. आवाज बदलून, फरशी पुसणाऱ्या हातांच्या चित्रणावर बाईंचे म्हणणे ठेवले आणि तेही बाईंना पुन्हा दाखवून. स्पर्धेत पटास पारितोषिक मिळाले नाही. ‘प्रत्यक्ष साक्षीचा अभाव जाणवतो’ असा परीक्षकांचा अभिप्राय आला. मुले खट्टू झाली. बाईंची नोकरी मात्र टिकली.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्षणीय नाही. सगळ्यांची संमती घेत बसले तर अनुबोधपट गुळमुळीत होतील. अन्याय करणारा आपल्या अन्यायाच्या चित्रणाला संमती कशी देईल, असे विचारले जाईल. परंतु येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. सत्तेच्या जागी बसलेल्या अधिकाऱ्यास सार्वजनिक कामाबद्दल प्रश्न विचारणे हा नागरिकाचा अधिकार आहे. तेथे त्याच्या सोयीचा विचार गौण ठरतो. ज्याचा रोजगार उद्या जाऊ शकतो, त्याची गोष्ट निराळी. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या मुंबईतील झोपडपट्ट्यांच्या पाडापाडीवरील पटात उच्चपदस्थ आपली मते निःसंकोच मांडतात आणि प्रेक्षक त्यांना जोखतो. त्याच पटात रस्त्यावर आलेली एक स्त्री चित्रण करणाऱ्यांनाच खडसावते. दिग्दर्शकाने ते दृश्य गाळलेले नाही. धीट अनुबोधपट आणि दुर्बलाविषयीची जबाबदारी यांत विरोध नाही, हे त्यावरून दिसून येते.

परदेशातही हा प्रश्न फार पूर्वी ओळखला गेला. झां रूश आणि एद्गार मोरँ यांनी १९६० च्या उन्हाळ्यात पॅरिसमधील सामान्य माणसांशी बोलून ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’ हा पट केला. झालेले चित्रण त्यांनी त्याच माणसांना दाखविले आणि त्यांनी घेतलेले आक्षेपही पटात समाविष्ट केले. माझ्या विद्यार्थिनीने या दोघांची नावे ऐकलेली नव्हती. तिला जे सुचले, ते माणुसकीने सुचले. परंतु शिक्षणसंस्थेने प्रत्येक वेळी एखाद्या मुलीच्या हट्टावर विसंबून राहणे योग्य नव्हे.

म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार आपल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक आले आहेत. अनुबोधपटास या चौकटीत स्थान द्यावे आणि त्यासाठी आठवडा-दोन आठवडे नव्हे, तर पूर्ण सत्र द्यावे. गुणांकन करताना केवळ तयार पट पाहू नये. विद्यार्थी त्या माणसांकडे किती वेळा गेला, आकडे व विधाने कशी पडताळून पाहिली, याची नोंदवही तपासावी. ज्यांचे चित्रण केले त्यांना तयार पट आधी दाखवून, तो कोठे कोठे दिसेल हे त्यांच्या भाषेत समजावून, मगच संमती घ्यावी. आणि त्यांनी नको म्हटलेला भाग काढून टाकल्याबद्दल गुण कापू नयेत, उलट द्यावेत. राहिलेले चित्रण स्थळ, दिनांक आणि वार नोंदवून महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जपावे. आज क्षुल्लक वाटणारा फलाटावरचा एक तास वीस वर्षांनी या भागाच्या आर्थिक इतिहासाचे साधन ठरू शकेल.

साधनांच्या समतेबद्दलही भ्रमात राहू नये. मोबाइल बहुतेकांपाशी असतो, पण संकलनासाठी लागणारा बरा संगणक वर्गातील मोजक्याच घरांत असतो आणि महाविद्यालयांतील संगणककक्षास अनेक ठिकाणी संध्याकाळी पाचच्या सुमारास कुलूप लागते. ज्याला दुपारी अर्धवेळ नोकरी करून बदलापूर किंवा टिटवाळ्यास परतावयाचे आहे, त्याने संकलन करावयाचे कधी? ते कुलूप दोन तास उशिरा लावणे आणि चार कॉलर माइक विकत घेणे, एवढ्यासाठी कोणत्याही धोरणाची वाट पाहावी लागत नाही. फलाटावरच्या गोंगाटात माणसाचे बोलणे नीट ऐकू येणे, हे चित्र देखणे असण्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

आपल्या भागाची कथा आपल्या मुलांनी सांगावी, यात दुमत नाही. ती सांगताना कोणाची भाकरी पणाला लागते, हे आधी पाहण्याची सवय त्यांना लावणे हे शिक्षकांचे काम आहे. फलाटावर विचारलेल्या त्या प्रश्नाला माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते. नवी तुकडी विषय घेऊन येते, तेव्हा आता मी तोच प्रश्न तिला पहिल्या दिवशी विचारतो.