खोलातलं पाणी कोण वर आणणार?

कोकणातल्या महाविद्यालयांत ध्रुवीय समुद्रांवर बोलायला गेले की एक प्रश्न हमखास येतो. हिमनद्या वितळल्या की त्यांच्या पाण्याबरोबर खनिजं समुद्रात जाणार, वनस्पतीप्लवक वाढणार, मासळी वाढणार, मग एवढी काळजी कशाला? विचारणारी मुलं हुशार असतात. पुराचा गाळ बसला की खाजणातली जमीन कशी पिकते, हे त्यांनी पाहिलेलं असतं. पण हाच तर्क मी जबाबदारीच्या खुर्चीवर बसलेल्यांच्या तोंडूनही ऐकते, तेव्हा मला राहवत नाही. ज्या फियॉर्डच्या काठावर भारताचं संशोधन केंद्र उभं आहे, तिथलं पाणी काही वेगळंच सांगतं.

तो फियॉर्ड, म्हणजे जमिनीत घुसलेला समुद्राचा चिंचोळा फाटा, आहे कोंग्सफियॉर्ड. स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या स्पिट्सबर्गन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, 79 अंश उत्तरेला. लांबी वीसेक किलोमीटर. एका अंगाने अटलांटिकचं कोमट, खारं पाणी आत शिरतं, दुसऱ्या अंगाने हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. काठावरचं नी-ऑलेसुंड हे पूर्वी कोळशाच्या खाणीचं गाव. 1962 च्या स्फोटात 21 खाणकामगार गेले, पुढच्या वर्षी खाण बंद झाली आणि हळूहळू तिथे अनेक देशांची संशोधन केंद्रं आली. आपलं ‘हिमाद्री’ 2008 मध्ये सुरू झालं. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ते चालवतं. गावात वायफाय लावता येत नाही, कारण रेडिओ दुर्बिणीला व्यत्यय येतो. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर अस्वलाच्या भीतीने बंदूक सोबत लागते.

बोट क्रोनेब्रीन या हिमनदीच्या जवळ गेली की पाण्याचा रंग बदलतो. आधी दुधाळ, मग विटकरी. वरून सरकणारा बर्फ खालचा तांबडा वालुकाश्म जात्यासारखा दळतो आणि ते पीठ वितळलेल्या पाण्याबरोबर बाहेर पडतं. पांढरी सेक्की तबकडी खाली सोडली तर मीटरभर जायच्या आतच ती दिसेनाशी होते. इतक्या गढूळ पाण्यात उजेड शिरत नाही, मग प्लवक वाढणार कसं? तरीही नेमकं तिथेच, हिमकड्याच्या पायथ्याशी, किटिवेक जातीच्या कुरवांचे थवेच्या थवे पाण्यावर तुटून पडलेले असतात. पहिल्यांदा ते दृश्य पाहिलं तेव्हा मला त्याचा अर्थ लागेना.

अर्थ पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात हिमनदीच्या पाठीवर वितळलेलं पाणी भेगांतून तळाशी उतरतं आणि समुद्राच्या पातळीखाली कित्येक मीटरवर, हिमनदीच्या बुडातून फियॉर्डमध्ये शिरतं. ते गोडं, म्हणजे खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं. त्यामुळे ते उसळून वर येतं आणि येताना आपल्या आकारमानाच्या कितीतरी पट खारं पाणी ओढून आणतं. त्या लोंढ्यात सापडलेले झिंग्यासारखे बारीक जीव पृष्ठभागावर येतात आणि पक्ष्यांचं फावतं. पण पक्ष्यांना न दिसणारी आणखी एक गोष्ट वर येते, ती म्हणजे प्लवकाचं खाद्य असलेलं नायट्रेट.

माझा सगळा मुद्दा या नायट्रेटवर उभा आहे. हिवाळ्याच्या अखेरीस कोंग्सफियॉर्डच्या पाण्यात लिटरमागे साधारण 10 मायक्रोमोल नायट्रेट असतं. सूर्य परतून उजेड वाढला की एप्रिल-मेमध्ये डायटम आणि फिओसिस्टिस या प्लवकांचा बहर येतो आणि काही आठवड्यांत वरच्या थरातलं नायट्रेट जवळजवळ संपवून टाकतो. पुढे उन्हाळाभर चोवीस तास ऊन असतं, पण वरचं पाणी उपाशी असतं. हिमनदीचं स्वतःचं पाणी ही भूक भागवू शकत नाही. त्यात सिलिकेट असतं, लोह असतं, पण नायट्रेट फार थोडं. असं पाणी नुसतं वरून सांडलं तर त्याचा थर खालच्या भारी पाण्यावर पसरतो, दोन्ही थर मिसळत नाहीत, वर उजेड अडतो तो वेगळाच. थोडक्यात, हिमनदी समुद्राला नायट्रेट देते ती खालचं पाणी वर ढवळून, आणि ते ढवळणं तिचं टोक समुद्रात बुडालेलं असेल तोवरच चालतं.

ग्रीनलंडमध्ये हा फरक मोजलेला आहे. नूकजवळच्या गोटहॉब फियॉर्डमध्ये समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या आहेत. तिथे वनस्पतीप्लवक वर्षाला चौरस मीटरमागे साधारण 85 ते 140 ग्रॅम कार्बन बांधतं. ईशान्येच्या यंग साउंडमध्ये हिमनद्या जमिनीवरच संपतात आणि त्यांचं पाणी नदी होऊन समुद्राला मिळतं. तिथला आकडा 10 ग्रॅमच्या आसपास. यंग साउंड वर्षातले बरेच महिने गोठलेला असतो, हे त्या फरकाचं एक कारण आहेच. पण एकट्या बर्फाच्या आच्छादनाने एवढी तफावत होत नाही. ग्रीनलंडच्या अर्थकारणाचा आधार असलेला हॅलिबट मासा समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्यांच्या फियॉर्डमध्येच अधिक सापडतो, हेही संशोधकांनी दाखवलं आहे. तिथल्या मच्छीमारांचं पोट हिमनदीच्या बुडाशी बांधलेलं आहे.

आणि या हिमनद्या मागे हटताहेत. कोंग्सफियॉर्डमध्ये ब्लोमस्ट्रान्ड नावाचा भूभाग जुन्या नकाशांवर द्वीपकल्प म्हणून दाखवलेला असे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हिमनदी इतकी मागे गेली की ते बेट असल्याचं उघड झालं. क्रोनेब्रीनही मागे सरकते आहे. एक दिवस तिचं टोक जमिनीवर येईल. वितळलेलं पाणी तेव्हाही वाहील, गाळ तेव्हाही येईल, फक्त खालचं पाणी वर येणं थांबेल. बर्फ वितळल्याने समुद्र सुपीक होतो असं म्हणणारे या साखळीचा पहिला दुवा तेवढा पाहतात.

ग्रीनलंडचे आकडे मात्र कोंग्सफियॉर्डवर जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत, आणि मला इथेच आपल्या देशाचं काम दिसतं. इथल्या हिमनद्यांची टोकं उथळ आहेत, क्रोनेब्रीनचं शंभर मीटरच्या आतच. अशा ठिकाणी वर येणाऱ्या पाण्यात नायट्रेटबरोबर तळाच्या चिखलातून सुटलेलं अमोनियमही असतं. प्लवक यातलं कुठलं, किती आणि किती वेगाने घेतं, हे पाणी हिरवं दिसण्यावरून कळत नाही. क्लोरोफिल मोजलं तर त्या घडीला प्लवक किती आहे ते समजतं. ते कशावर जगतंय ते समजत नाही. उपग्रहाची तर याहून अडचण: ढग, तिरपं ऊन आणि तो विटकरी गाळ, ज्याला रंगावरून प्लवक समजण्याची चूक सहज होते.

ग्रहणाचा वेग मोजायची पद्धत 1967 मध्ये डगडेल आणि गोअरिंग यांनी मांडली, आणि ती आजही तेवढीच कष्टाची आहे. एका बाटलीत नायट्रोजन-15 ची खूण असलेलं नायट्रेट अगदी थोडं घालायचं, दुसरीत तशीच खूण असलेलं अमोनियम. कार्बनसाठी कार्बन-13 चं बायकार्बोनेट. मग बाटल्या त्या त्या खोलीवरच्या उजेडाएवढा उजेड राहील अशा जाळीत गुंडाळून फियॉर्डच्याच थंड पाण्यात ठेवायच्या, ठरलेल्या वेळी काढून काचतंतूंच्या गाळणीवर गाळायच्या, गाळण्या वाळवून मास स्पेक्ट्रोमीटरवर तपासायच्या. क्रोनेब्रीनजवळचं पाणी गाळताना गाळणी लगेच तुंबते, बोटं बधिर होतात, अर्धा लिटर पाण्याला अख्खी दुपार जाते. पण हाती येणारा आकडा बोलका असतो. नायट्रेट घेतलं असेल तर अन्न खालून नव्याने आलं. अमोनियम घेतलं असेल तर ते चिखलातून आलं, किंवा तिथलंच तिथे फिरतंय. खालून नव्याने येणारं नायट्रेट जितकं, साधारण तितकंच अन्न वरच्या थराला मासे, पक्षी आणि सील यांच्यासाठी सोडता येतं.

हे काम एका उन्हाळ्यात होत नाही. आपल्या बहुतेक तुकड्या उन्हाळ्यात जातात, तोवर वसंतातला बहर ओसरलेला असतो. 2023 च्या डिसेंबरमध्ये हिमाद्रीवर पहिली हिवाळी मोहीम सुरू झाली, याचा मला मनापासून आनंद झाला. 2014 पासून फियॉर्डच्या तळाशी आपली ‘इंडआर्क’ ही उपकरणमाला नांगरलेली असते. तिची उपकरणं वर्षभर नोंदी घेतात. पण बाटलीतला प्रयोग उपकरणाला करता येत नाही, त्याला माणूस लागतो. आणि इथेच आपण कच खातो. तीच ठिकाणं, त्याच खोल्या, तीच पद्धत दर वर्षी, असा प्रस्ताव मी एका निधी समितीपुढे ठेवला, तेव्हा ‘यात नवीन काय’ असं विचारलं गेलं. त्याच वर्षी त्याच फियॉर्डमध्ये एकदाच नमुने घेऊन यायच्या प्रस्तावाला पैसे मिळाले.

नवीन काय, याचं उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी कांदोळीसमोरच्या समुद्रात 1997 पासून त्याच जागी पुन्हा पुन्हा पाणी मोजलं. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिथल्या तळाचा प्राणवायू कसा संपतो, त्यातून नायट्रस ऑक्साइड कसा तयार होतो, हे जगाला त्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदींनी सांगितलं. एखाद्या धावत्या फेरीत हे हाती लागलं नसतं. समुद्र एका ठिकाणी ठाण मांडून कसा मोजायचा, हे आपल्या माणसांना येतं.

2022 च्या आपल्या आर्क्टिक धोरणात वैज्ञानिक संशोधन हा एक आधारस्तंभ मानला आहे. त्याचा अर्थ मी असा लावते: मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत हिमाद्रीवर प्लवकाचं काम करणारे किमान दोघं असावेत. क्रोनेब्रीनच्या तोंडापासून फियॉर्डच्या मुखापर्यंत ठरलेल्या जागी दर पंधरवड्याला नायट्रेट, अमोनियम आणि कार्बन यांचं ग्रहण मोजलं जावं. पैसे निदान दहा वर्षांसाठी बांधलेले असावेत आणि आकडे वर्षाच्या आत सर्वांसाठी खुले व्हावेत. क्रोनेब्रीनचं टोक अजून पाण्यात आहे. ते बाहेर आल्यावर मोजायला सुरुवात केली, तर आधी काय होतं ते कुणालाच सांगता येणार नाही.