कुलूप कुणाचं, किल्ली कुणाकडे?

मोठ्या कंपन्यांतली माहितीची साठवण आणि सुरक्षा हा संगणकवाल्यांचा विषय, असं आपल्याच बैठकांत मी ऐकते. मैत्रिणींनो, मला हे मुळीच मान्य नाही. आपली पाळी, गर्भारपण, पगार, घरचा पत्ता, सारं आज कंपन्यांच्या कोठारात आहे. चोर आत येऊ नये म्हणून कडक पहारा आहे, असं कंपन्या सांगतात. पण पहारेकऱ्यानेच माल बाहेर दिला तर? पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ अ‍ॅपने बायकांची माहिती फेसबुक, गूगल यांना पुरवली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये ठेवला. कुलूप कुणी फोडलंच नव्हतं!

आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. सुरक्षेत हयगय केली तर कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. छान! पण तो जाणार सरकारी तिजोरीत. पत्ता फुटल्यामुळे जिच्या दारात छळणारा नवरा येऊन उभा राहिला, तिला काय? माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं ४३ अ हे कलमही वगळायची तरतूद याच कायद्यात आहे. शिवाय नोकरीच्या कारणासाठी मालक कामगार स्त्रीची माहिती तिच्या संमतीविना वापरू शकतो.

मग ही सुरक्षा कुणाची? कंपनीची! म्हणून मी म्हणते, भरपाईचा हक्क कायम ठेवा, गरजेपुरतीच माहिती मागा, काम संपताच पुसून टाका. जे साठवलंच नाही, ते फुटणार कसं? ही मागणी आता आपल्या मोर्चांच्या फलकांवर आली पाहिजे.